पडद्यावर खेचर दिसत नाही

मी फौजेत सतरा वर्षं काढली आणि त्या सतरा वर्षांत एकदाही, मागे आगीचा लोळ उठलाय आणि मी त्याच्यापुढून सावकाश चालत येतोय, असं घडलं नाही. आग लागली की आम्ही वाळूच्या बादल्या घेऊन पळायचो आणि ती कुणी लावली याची चौकशी पुढे आठवडाभर चालायची. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आता मी महाळुंग्याच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे आणि तिथल्या पोरांना फौज माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यांनी सगळे पिक्चर पाहिलेत.

इकडे फौजेतून आलेल्या कुणालाही ‘मेजर’ म्हणतात. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो हे पहिल्या वर्षी दोनचार जणांना समजावून पाहिलं. ‘असू द्या ना मेजर, कशाला मनाला लावून घेता,’ असं उत्तर मिळालं, जणू मला कुणी शिवी दिली होती. एकदा एक खरेखुरे मेजर साहेब कंपनीच्या कामाला आले होते. ते रजिस्टरमध्ये सही करत असताना मागून बसवाला ओरडला, ‘ओ मेजर, गेट उघडा की.’ आम्ही दोघांनी एकदम माना वळवल्या. साहेब हसले. मी जाऊन गेट उघडलं.

सकाळच्या शिफ्टच्या बसमधून उतरताना नवीन आलेलं एखादं पोरगं हमखास विचारतं, ‘मेजर, किती मारले?’ मी विचारतो, ‘डास धरून की सोडून?’ त्याला वाटतं मेजर विनय दाखवतायत. पिक्चरमधले जवानही असंच काहीतरी म्हणतात आणि मग कॅमेरा त्यांच्या डोळ्यांत जातो. माझ्या डोळ्यांत बघायला कुणाला वेळ नसतो, मागे चाकणच्या मार्केटला निघालेल्या कांद्याच्या ट्रकांनी हॉर्न लावलेला असतो.

आता एक कबुली. मी स्वतः एकही लढाईचा सिनेमा सोडत नाही. बायको म्हणते, सतरा वर्षांत पोट भरलं नाही का. भरलं. पण मी जातो ते एखाद्या कोपऱ्यात तरी खेचर दिसेल म्हणून. आजवर दिसलेलं नाही.

बाकी सगळं दिसतं. सिनेमातल्या पलटणीत प्रत्येक प्रांताचा एकेक नमुना घेतलेला असतो. पंजाबी खातो, बंगाली गातो, दक्षिणेकडचा इंग्रजी बोलतो आणि मराठी मध्यंतराच्या आत मरतो. मरण्यापूर्वी त्याला एक गर्जना देतात, म्हणजे आपल्याकडची तिकिटं खपतात. ज्यानं खिशातून बायकोचा फोटो काढला तो गेला म्हणून समजा. ज्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्याचंही काही खरं नाही. हा नियम आमच्या बराकीला लावला असता तर सकाळच्या हजेरीला कुणी उरलं नसतं. फोटो सगळ्यांच्याच खिशात होते आणि बहिणींना तर आमच्याकडे तोटा नव्हता.

बर्फात उभा राहून हिरो भाषण करतो. ओठ फुटलेले नाहीत, नाक वाहत नाही. बर्फात आधी नाक वाहतं, देशप्रेम त्यानंतर. आमचे साहेब भाषण करत नसत. ‘सुबह चार बजे निकलेंगे. कोई शक?’ एवढंच. कुणाला शक नसायचा, आणि असला तर तो मोजे वाळलेत का याबद्दल असायचा. सिनेमात कुणाला परसाकडे जावं लागत नाही. मी ज्या उंचीवर होतो तिथं सकाळी परसाकडे जाऊन धडपणे परत येणं ही एक स्वतंत्र मोहीम होती, आणि तिच्यासाठी पार्श्वसंगीत नव्हतं. आणि वाट बघणं तर कुणीच दाखवत नाही. फौजेत माणूस बहुतेक वेळ वाट बघत असतो. ट्रकची बघतो, सुट्टीच्या कागदाची बघतो, आभाळ उघडायची बघतो, तिथं डाळसुद्धा शिजायला तयार नसते. एवढं दाखवलं तर लोक पैसे परत मागतील हे मलाही कळतं.

मी खेचरवाला होतो. बंदूक होती, वर्षातून एकदा चांदमारीला जाऊन ती उडवतही होतो. पण काम खेचरांचं. जिथं ट्रकचा रस्ता संपतो तिथून वरच्या पोस्टांना रॉकेल, पीठ, डबे, पत्रं, सगळं खेचराच्या पाठीवरून जातं. अंगाला, पांघरुणाला, भाकरीला रॉकेलचा वास. सुट्टीवर आलो की बायको पहिले दोन दिवस खिडकी उघडी ठेवायची.

फौजेत खेचराला नाव नसतं, खुरावर नंबर असतो. नावं आम्ही ठेवायचो. माझ्या जोडीदारानं त्याच्या खेचराचं नाव ठेवलं होतं ‘सासरा’. हा जोडीदार खेड तालुक्यातला, भीमाशंकरच्या अंगाचा. सात वर्षं आम्ही एका तंबूत झोपलो. ‘सासरा का रे,’ असं मी विचारलं तर म्हणाला, ‘ओझं घेतं, पण घेताना बघ कसं बघतं. जसं काय मी याची पोरगी पळवली.’

तो गेला त्याला आता पंधरा वर्षं झाली. लढाई नव्हती. समोर शत्रू नव्हता. सकाळची वेळ, पावसानं भिजलेली अरुंद वाट, पाय ठेवला ती कड निसटली आणि तो खाली गेला. मी त्याच्यापासून एका खेचराच्या अंतरावर होतो. कागदावर ‘अपघात’ असं लिहिलं गेलं आणि ते बरोबरच होतं. त्या दिवशी आम्ही तसेच वर गेलो, कारण वरच्या पोस्टवरचं रॉकेल संपत आलं होतं. ते पोहोचवलं. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

त्याची काळी ट्रंक घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. अंगणात सगळा गाव. उंबऱ्याच्या आत त्याची बायको, मांडीवर चारएक वर्षांची पोर. खाटेवर तिचे वडील, म्हणजे ज्यांच्यावरून खेचराचं नाव पडलं ते साक्षात. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या दुःखातही मला कळलं की नाव चुकलेलं नव्हतं. मग कुणीतरी विचारलं, ‘शेवटाला काही बोलला का?’

बायकोनं मान वर केली. तो शेवटी बोलला होता. पण जे बोलला ते खेचराबद्दल होतं आणि त्या वाक्यात ‘सासरा’ होता. मी खाटेकडे बघितलं. तोंड उघडलं आणि तोंडातून पिक्चर बाहेर पडला.

‘वहिनींचं नाव घेतलं,’ मी म्हणालो. आणि ट्रंकेबरोबरच्या कागदावर वाचलेलं तिचं नाव मी उच्चारलं.

म्हातारे ओक्साबोक्शी रडले. बायका रडल्या. वहिनीनं मान खाली घातली. मला वाटलं, बरं केलं. जिला नवऱ्याचं दुसरं काहीच मिळणार नव्हतं तिला निदान शेवटचा शब्द तरी मिळाला. खाटेवर म्हातारे होते म्हणून खरं सांगता आलं नाही, असं मी स्वतःला पंधरा वर्षं सांगत आलो. ते खोटं नव्हतं, पण सगळंही नव्हतं.

पुढे सासू गेल्यावर वहिनी पोरीच्या शिक्षणासाठी इकडे आली. मी शब्द टाकला आणि तिला आमच्याच कंपनीच्या कँटीनमध्ये काम लागलं. सहा वर्षं ती तिथं चपात्या लाटतेय. पोर आता ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात आहे आणि दर पंधरा ऑगस्टला तिथल्या माइकवर उभी राहून सांगते की माझ्या वडिलांनी शेवटच्या क्षणी माझ्या आईचं नाव घेतलं. मला तिचा व्हिडिओ पाठवते. मी अंगठा दाखवतो.

या सहा वर्षांत कंपनीत कुणी वहिनीला विचारलं नव्हतं की बाई तुम्ही कोण. चपाती जाड आहे एवढीच तक्रार यायची. गेल्या जुलैत कसलातरी फॉर्म भरताना एचआरच्या मॅडमच्या लक्षात आलं आणि एकदम सगळ्यांना साक्षात्कार झाला की आपल्या कँटीनमध्ये वीरपत्नी आहे. मॅडम मनानं चांगल्या, वय अठ्ठावीस. त्यांनी ठरवलं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की मॉलमधल्या थिएटरचा सकाळचा अख्खा शो बुक करायचा, नवा लढाईचा पिक्चर दाखवायचा, आणि सुरू होण्यापूर्वी वहिनीचा आणि माझा सत्कार. पिक्चरमुळे टीम स्पिरिट वाढतं म्हणे.

‘काका, तुम्ही दोनच मिनिटं बोला,’ मॅडम म्हणाल्या. ‘ते कसे गेले, लास्ट मोमेंट, लास्ट वर्ड्स. थोडं इमोशनल ठेवा प्लीज. म्हणजे सगळे त्या मूडमध्ये जातील.’

‘ते वाट निसटून गेले, मॅडम.’

‘हो, पण तसं नको ना. म्हणजे... ड्यूटीवर होते, असं म्हणा.’

ड्यूटीवर तर होताच. मी हो म्हणालो. वहिनीला विचारलं तेव्हा तिनं कणकेचे हात पुसत फक्त ‘येते’ म्हटलं.

फ्लेक्सचं काम गावच्या भाऊंनी अंगावर घेतलं. कंपनी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच घराण्याची; आता कंपनीच्या बसा आणि कँटीन त्यांच्याकडे आहेत आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायचा विचार आहे. त्यांनी माझ्याकडे फौजेतला फोटो मागितला. माझ्याकडे धड फोटो एकच. मी आणि सासरा. मी त्याचा दोर धरून उभा आहे आणि ते कॅमेऱ्याकडे तसंच बघतंय.

चौदा तारखेला गेटवर फ्लेक्स लागला. दहा बाय पंधराचा. मधोमध मी. डोकं माझं, छाती दुसऱ्या कुणाची, आणि हातात अशी बंदूक की जी मी फक्त पडद्यावर पाहिली आहे. पाठीमागे आग. खाली ‘शत्रूचा कर्दनकाळ’. त्याखाली भाऊंचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा. कोपऱ्यात वहिनी, कँटीनच्या ओळखपत्रावरची.

‘भाऊ, खेचर कुठंय?’ मी विचारलं.

‘आवं मेजर, ते जनावर बरं दिसंना. आन तुमच्या हातात बंदूकच न्हाई. मंग पोराला म्हनलं, जनावर काढ आन बंदूक टाक. कशी मस्त बसलीया बगा.’

मस्त बसली होती. फक्त माझ्या मुठीतला दोर काढायचा त्या कारागिराकडून राहून गेला होता. बंदुकीखालून दोराचं एक टोक लोंबत होतं, आणि दुसरीकडे त्याला बांधलेलं काहीच नव्हतं. पोरं येताजाता फ्लेक्सपुढे सेल्फी काढत होती. मी दिवसभर त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी थिएटरात शंभरेक कामगार, प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा आणि वडापाव. पडद्यापुढे आम्हा दोघांना उभं केलं. शाल झाली, नारळ झाला, भाऊंचं भाषण झालं. त्यात ते दोनदा म्हणाले की आपल्यालाबी फौजेत जायाचं व्हतं, पण घरच्या जबाबदाऱ्या. मग माइक माझ्या हातात आला.

माझ्या शेजारी वहिनी नारळ धरून उभी. समोर सगळी पोरं त्या मूडमध्ये. मला वाटलं, आता सांगावं. काय सांगणार होतो ते शब्द जिभेवर होते. आणि मी पुन्हा तेच सांगितलं. वाट, पाऊस, ड्यूटी, आणि शेवटी वहिनींचं नाव. या वेळी मी नावाआधी थांबलोसुद्धा, दोन सेकंद, पिक्चरमध्ये थांबतात तसा. सतरा वर्षं खेचरं हाकलेला माणूस नट म्हणूनही बरा निघाला. मागून शिट्ट्या आल्या. मॅडमनी डोळे पुसले. मला स्वतःची शिसारी आली.

मग पिक्चर सुरू झाला. पंजाबी जेवला. मराठी मध्यंतराआधी गेला. हिरोला छातीत पाच गोळ्या लागल्या तरी बोलायला त्याच्याकडे पुष्कळ वेळ होता. तो आईबद्दल बोलला, मातीबद्दल बोलला, आणि शेवटी आकाशाकडे बघत त्यानं बायकोचं नाव घेतलं. मॅडमनी पुढच्या रांगेतून वळून माझ्याकडे असं बघितलं, जसं काही पिक्चरवाल्यांनी माझ्यावरूनच उचललं होतं. मला ठाऊक होतं की उचललं कुणी कुणावरून. दोन तास चाळीस मिनिटांत खेचर एकदाही आलं नाही. एवढ्या उंचावर त्या लोकांना रोट्या कोण पोहोचवत होतं देव जाणे.

परतताना कंपनीच्या बसमध्ये वहिनी माझ्या शेजारी बसली. मोशीच्या पुढे गाड्या तुंबल्या त्या इंद्रायणीचा पूल ओलांडला तरी धड हलेनात. मागची पोरं हिरोचे डायलॉग म्हणत होती. मांडीवरचा नारळ फिरवत वहिनी म्हणाली, ‘भावोजी, एक इचारू?’

‘विचारा की.’

‘ते मला त्या नावानं कधीच हाक मारत न्हवते.’

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

‘ते नाव लग्नात तांदळात काढलं सासूबाईंनी. कागदावर घातलं, तिथंच राहिलं. ह्यांना ते आवडायचं न्हाई. “अगं ए” म्हनायचे, न्हाईतर नुसतं खाकरायचे. उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच, ते बी कलवऱ्यांनी वाट अडवली म्हनून.’ तिनं नारळ उलटा केला. ‘तुमी अंगनात सांगितलं तवाच मला कळलं का हे खरं न्हाई. म्हनलं भावोजींना सांगवत नसंल. इचारलं न्हाई. पर आज तुमी परत तेच सांगितलं, आन त्या पिक्चरमदी बी तेच. मग मला वाटलं, माझा नवरा मेला तो कसा, ते मला ठावंच न्हाई.’

पंधरा वर्षं मला वाटत होतं की मी तिला काहीतरी दिलं. त्याचे खरे शेवटचे शब्द तिच्या हक्काचे होते, तेही मी काढून घेतले होते, आणि तिनं ते निमूटपणे चालवून घेतलं होतं. माझी मान वर होईना.

‘काय म्हनले ते?’ तिनं विचारलं. ‘हाय तसं सांगा.’

मी सांगितलं. अरुंद वळणावर सासरा थांबला. धापा टाकत होता, पुढे पाऊल टाकेना. जोडीदारानं तंगाला हात लावून बघितलं. तंग म्हणजे खोगीर जागेवर राहावं म्हणून पोटाखालून आवळायचा पट्टा. मग तो म्हणाला, ‘कुणी आवळलाय एवढा? सासऱ्याचा जीव चाललाय. धर दोर, मी सैल करतो.’ बकल कड्याच्या बाजूला होतं. तो तिकडं गेला. दोर माझ्या हातात होता.

‘बस एवढंच?’

‘एवढंच.’

वहिनी पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

‘म्हंजी खरंच ठेवलं व्हतं माझ्या बापाचं नाव,’ ती म्हणाली. ‘सुट्टीला आले का सांगायचे. मला वाटायचं, मला चिडवाय सांगत्यात.’ मग डोळे पुसून म्हणाली, ‘हे मातर त्यांचंच बोलनं. “कुणी केलंय हे.” भाजीत मीठ जास्त पडलं तरी तसंच. “कुणी टाकलंय एवढं.” घरात सैपाक कराय मी एकटी. ठावं असायचं त्यांना कुणी टाकलंय ते.’

आणि ती थांबली. शेतकऱ्याची पोर ती, बैलांच्या गळ्यातली सापती तिनं लहानपणापासून बांधलेली. तिनं खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

‘तंग कुणी आवळला व्हता?’

हा प्रश्न पंधरा वर्षांत कुणी विचारला नव्हता. चौकशीतसुद्धा नाही. चौकशीत वाट किती फूट रुंद होती ते विचारलं.

‘मी,’ मी म्हणालो. ‘तो चहाच्या रांगेत होता, माझाही पेला घेऊन. म्हणून त्याच्याही खेचरावर ओझं मीच लादलं. बोटं बधिर होती. तंग किती बसलाय ते कळेना, म्हणून एक भोक जास्त आवळलं. ओझं घसरू नये म्हणून.’

बस दोन गाड्यांएवढी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. मागे कुणीतरी छातीत गोळी लागल्याचा आवाज काढला आणि सगळे हसले. वहिनी नारळाची शेंडी बोटांनी पिंजत राहिली. मी आयुष्यात बऱ्याच अवघड जागी उभा राहिलोय, पण त्या बसच्या सीटवर मला जेवढी भीती वाटली तेवढी कुठं वाटली नव्हती.

‘चुकलंच ते तुमचं,’ अखेर ती म्हणाली. चपाती करपली की म्हणते त्याच आवाजात.

‘हो.’

‘आन त्याचं पुढं काय झालं? सासऱ्याचं?’

‘आणखी चार वर्षं ओझं वाहिलं. मीच नेत होतो.’

‘तंग?’

‘दर वळणाला थांबून बघायचो.’

तिनं मान हलवली. मग कंपनीचं गेट आलं. उतरताना फ्लेक्ससमोर ती जरा रेंगाळली. माझ्या मुठीतून लोंबणाऱ्या त्या दोराच्या टोकाकडे तिनं बोट केलं. ‘हिकडं ते व्हतं का?’

‘हो. भाऊंनी काढलं.’

‘उद्या फोटू आना,’ ती म्हणाली. ‘न कापलेला.’

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी कँटीनच्या मागच्या दारानं गेलो आणि फोटो तिच्यापुढे धरला. तिनं हात धुतले, पुसले, मगच घेतला. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. खेचराकडे बघत बसली. पोटाखालच्या पट्ट्यावर नख ठेवून तिनं विचारलं, ‘ह्योच?’ मी हो म्हणालो. नख बराच वेळ तिथं होतं. मग ती म्हणाली, ‘बगतंय मातर अगदी बाबांवानी.’

मला धीर आला. पंधरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटायला लागलं होतं, आणि अशा वेळी माणसाला चार चांगली वाक्यं सुचतात. मी म्हणालो, ‘वहिनी, पोरीलाही कळायला हवं. रविवारी मी घरी येतो. तिला नीट समोर बसवून मीच सगळं सांगतो, अगदी पहिल्यापासून.’

तिनं फोटो पिठाच्या डब्यामागे, हात लागणार नाही असा उभा केला आणि लाटणं उचललं.

‘नको,’ ती म्हणाली. ‘तिला मी सांगंन. तुमी त्याचा पिक्चर करता.’